शेतीच्या समाजशास्त्रीय अभ्यासासाठी पीएचडीचा अर्ज : माझा अनुभव

नेदरलँड्समधल्या हेगच्या इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ सोशल स्टडीजसारख्या ठिकाणी अर्ज करायचा म्हटला की आपण आधी संस्थांची यादी करतो. मी आधी प्रश्न नक्की केला, संस्था नंतर शोधल्या. संशोधन आराखड्याला लागलेला वेळ बाकी सगळ्या कागदपत्रांना मिळूनही लागला नाही.

पहिल्या मसुद्यात विषय होता ‘विदर्भातील शेतकऱ्यांचा कर्जबाजारीपणा’. हा विषय झाला, प्रश्न नव्हे. शेवटी प्रश्न असा उतरला : तोंडी बोलीवर जमीन कसणाऱ्याला पीककर्ज मिळत नाही, तर त्याच्या हंगामाचे भांडवल कुठून येते आणि त्याची किंमत कशात चुकवावी लागते?

पद्धतीचा भाग इथेच अडकतो. नमुना सातबाऱ्यावरून निवडतो असे लिहिले की काम फसलेच, कारण तोंडी व्यवहारातल्या कसणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर येतच नाही. म्हणून आधी गावातल्या प्रत्येक घराची यादी करावी लागते. प्रश्नावलीतही ‘भाडेपट्टा’ हा शब्द चालत नाही. कुठे बटई म्हणतात, कुठे खंड, कुठे मक्ता. वाटा धान्यात की रोख, आगाऊ की सुगीनंतर, हे वेगवेगळे विचारावे लागते. सालगड्याचे, म्हणजे वर्षभराच्या बोलीवर ठेवलेल्या शेतमजुराचे, साल गुढीपाडव्याला ठरते, त्यामुळे यादीचे काम पाडव्यानंतर ठेवले.

हिशेब असा मांडला : 250 घरांचे गाव, दिवसाला 20 ते 25 घरांची नोंद, म्हणजे 10 ते 13 दिवस. सविस्तर मुलाखत तीन तासांची, दिवसाला दोनच. त्यातल्या 60 घरांना 30 दिवस, आणि खरीप-रब्बीच्या दोन फेऱ्या. हे आकडे आराखड्यात घालाच. वेळेचा अंदाज नसलेला आराखडा गावात न गेलेल्याचा वाटतो.

तुलनेसाठी आधीचे काम शोधले. फाउंडेशन फॉर अ‍ॅग्रेरियन स्टडीजने 2007 मध्ये बुलढाण्यातील वरवट खंडेराव आणि कोल्हापुरातील निमशिरगाव या गावांचे सर्वेक्षण केले आहे. इक्रिसॅट या कोरडवाहू शेतीवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेचा गावअभ्यास 1975 पासूनचा, त्यात अकोल्याचे कान्झरा आणि सोलापूरचे शिरापूर आहे. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 77 व्या फेरीत त्याच कुटुंबांना दोनदा भेटून जुलै 2018 ते जून 2019 या कृषी वर्षाची माहिती घेतली. ही आकडेवारी राज्य पातळीवर चांगली, पण एका तालुक्याबद्दल त्यावरून बोलू नका. नमुना तेवढा मोठा नसतो.

मार्गदर्शकांना पहिला ईमेल 200 शब्दांचा आणि सोबत एक पान. त्यांच्या कोणत्या लेखाशी आपला प्रश्न कुठे जुळतो आणि कुठे वेगळा पडतो, एवढे दोन वाक्यांत सांगितले की पुरे.

कागदपत्रांत आपल्याकडची नेहमीची अडचण म्हणजे नाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, पदवीवर वडिलांचे नाव मध्ये. अर्जात पासपोर्टप्रमाणेच लिहावे आणि फरकाचे प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवावे. ट्रान्सक्रिप्टसाठी, म्हणजे सगळ्या विषयांच्या गुणांच्या अधिकृत उताऱ्यासाठी, विद्यापीठाकडे मुदतीच्या दोन-अडीच महिने आधी अर्ज करावा. शिफारसपत्र देणाऱ्या सरांना आराखडा, गुणपत्रिका आणि त्यांच्या हाताखाली केलेल्या कामाची पानभर टिपणे पाठवावीत. नाहीतर ‘मेहनती व होतकरू विद्यार्थी’ एवढेच पत्र येते, आणि निवड समितीला त्यातून काहीच कळत नाही.