निंबातला खिळा

पोळ्याला दोन दिवस उरले होते आणि नंदीच्या कपाळात माझी पटाशी खिळ्यावर आदळली. धारेचा टवका उडाला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, पोरं लाकडी नंदी सजवून घरोघरी बोजारा म्हणजे खाऊ-पैसे मागतात, म्हणून श्रावणभर नागपूरच्या महाल भागातल्या माझ्या दुकानात नंदीच नंदी. सगळे सागवानाचे. हा एकटा निंबाचा. लक्ष्मीनगरच्या एका आजींना परसातलं झाड जानेवारीत पाडावं लागलं, त्यातून नातवासाठी हवा होता.

मी पोचलो तोवर तोडणाऱ्यांनी दोन-दोन फुटांचे ओंडके करून टाकले होते. चांगलं लाकूड असं चुलीच्या मापानं कापलेलं पाहिलं की जीव तुटतो. खांद्याच्या उंचीवरचं बेचकं तेवढं वाचलं. बेचक्यात लाकडाच्या रेषा आपणच दोन्ही फांद्यांत वळतात, त्यामुळे त्यातून कोरलेलं शिंग सहसा मोडत नाही. सागाच्या नंदीला शिंगं वेगळी ठोकावी लागतात आणि पोरं पहिल्याच संध्याकाळी तीच तोडतात.

गाभ्याचा मध्य वगळून चार इंची फळी काढली. तडा बहुतेक त्या मध्यातूनच फुटतो. ओल्यातच नंदी ढोबळ तासला, टोकांना मेण लावलं आणि भुशाच्या पोत्यात ठेवला. नागपूरच्या मे महिन्यात उघडं ओलं लाकूड बघता बघता तडकतं. दर रविवारी शेजारच्या किराणा दुकानात वजन करायचो. 2 किलो 640 ग्रॅमचा नंदी श्रावणात 1 किलो 720 वर थांबला. एकही तडा नाही!

निंबाच्या रेषा एका पट्ट्यात इकडे, शेजारच्या पट्ट्यात उलट. एकीकडे पटाशी लोण्यासारखी जाते, बोटभर पुढे लाकूड उचकटतं. दर दहा मिनिटांनी धार लावायची, पापुद्र्याएवढंच काढायचं. भुसा इतका कडू की दुपारची पोळीही कडू लागते.

खिळा कोरून काढला, भोकात त्याच लाकडाची गुल्ली बसवली. लोखंडाचा काळा-निळा डाग मात्र खोल गेला होता, तो राहिला.

पोळ्याच्या संध्याकाळी नंदी दिला. आजींनी डागावर बोट ठेवलं. "इथं काय होतं?"

मी सांगितलं.

"यांनी ठोकला होता तो. थोरला झाला तेव्हा, लंगोट वाळवायच्या तारेसाठी. दिसेनासा झाला तर मला वाटलं, झाडासोबत वर गेला."

झाड शेंड्याकडून उंच होतं, खिळा ठोकला तिथंच राहतो, वरून साल चढते, असं मी म्हणालो. आजींनी मोकळ्या परसात खांद्याइतका हात वर धरला. "म्हणजे इथंच होता." मग माझ्याकडे वळून, "खिळा कुठे ठेवला भाऊ?"

मी तो भंगाराच्या डब्यात टाकला होता. डबा त्याच सकाळी गेला होता.

तिथून थेट भंगारवाल्याकडे गेलो. पोतंभर गंजके खिळे तासभर चाळले. आमचा तीन इंची, डोक्याजवळ वाकलेला. तसे सात-आठ निघाले. त्यातला एखादा नेऊन दिला असता तर आजींना कळलं नसतं. मी दिला नाही. त्यांना अजून फोनही केलेला नाही.