मदत दिसते तेव्हाच बोट उलटते

भूमध्य समुद्रातल्या स्थलांतरितांच्या बोटी वादळात बुडतात, असं अनेकांना वाटतं. वादळात बुडतातच, पण कितीतरी बोटी मदत डोळ्यांसमोर आल्यावर उलटतात. २५ मे २०१६ रोजी लिबियाच्या किनाऱ्यापलीकडे इटालियन नौदलाचं ‘बेत्तिका’ हे गस्ती जहाज एका निळ्या लाकडी बोटीजवळ आलं. जहाज दिसताच बोटीवरची गर्दी एका अंगाला सरकली आणि बोट आडवी झाली. नौदलाने ५०० हून अधिक माणसं पाण्यातून काढली, तरी काही जण गेलेच. सुटकेची आशा दिसल्यावर माणूस उठून उभा राहणारच, त्याला दोष देता येत नाही. बचाव करणाऱ्यांनी हे आधीच धरून चालायला हवं. माझ्या मते या कामातलं पहिलं आणि सगळ्यात अवघड कौशल्य म्हणजे लोकांना जागेवर बसतं ठेवणं. पोहणं, दोर फेकणं, इंजिन हाताळणं हे सगळं त्याच्यानंतर येतं.

यासाठी आधी बोट ओळखावी लागते. लिबियातून निघणारी रबरी बोट साधारण १० ते १२ मीटर लांब असते आणि तिच्यात १०० किंवा त्याहून जास्त माणसं कोंबलेली असतात. सरासरी ६० किलो धरले तरी १०० माणसांचं वजन ६ टन होतं. पेट्रोलचे कॅन वेगळेच. इंजिन बहुतेक वेळा ४० हॉर्सपॉवरच्या आसपासचं. रबर पातळ, चिकटवलेले जोड कच्चे, आणि तळाला प्लायवूडच्या फळ्या. चांगल्या रबरी बोटीत हवेचे अनेक वेगवेगळे कप्पे असतात, त्यामुळे एक फुटला तरी बाकीचे बोट तरंगती ठेवतात. या बोटींत त्याचा भरवसा नसतो. एक बाजू सैल पडली की तिकडची माणसं पाण्यात जातात. तळाची फळी मधोमध मोडली तर बोट दुमडते, दोन्ही बाजूंच्या फुगलेल्या कडा जवळ येतात आणि मध्ये बसलेले चिरडले जातात. मध्ये बसवलेल्या असतात त्या बायका आणि मुलं, कारण ती जागा सुरक्षित वाटते.

ट्युनिशियाच्या स्फाक्सजवळून अलीकडच्या वर्षांत लोखंडी बोटी निघू लागल्या आहेत. पातळ पत्रे घाईघाईने वेल्ड करून त्या बनवतात. त्यांना अंगची तरंगण्याची ताकद जवळजवळ नसते. रबरी बोट फुटली तरी तिचा एखादा तुकडा धरून राहता येतं. लोखंडी बोटीत पाणी भरलं की ती पाहता पाहता तळाला जाते. पत्र्याच्या कडा धारदार असल्यामुळे बचाव बोटीच्या फुगवलेल्या कडाही फाटू शकतात, म्हणून तिला घासून लागायचं नाही.

बोट शोधणं हेही सोपं नाही. रबर आणि लाकूड रडारवर नीट दिसत नाही, लाटा उठल्या की त्यांच्या गोंगाटात ते हरवतं. शेवटी दुर्बीण आणि माणसाचे डोळेच कामी येतात. पाण्यापासून १५ मीटर उंचीवर उभ्या असलेल्या माणसाचं क्षितिज सुमारे ८ सागरी मैलांवर (एक सागरी मैल म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर) असतं. पण धुरकट हवेत, उसळत्या पाण्यात, जेमतेम मीटरभर वर डोकावणारी करड्या रंगाची बोट याच्या निम्म्या अंतरावरूनही सुटून जाते. म्हणून पहाऱ्यावरची माणसं थोड्या थोड्या वेळाने बदलायची आणि प्रत्येकाला समुद्राचा ठरावीक तुकडा वाटून द्यायचा.

ठिकाण सांगणाऱ्या आकड्यांत होणारी एक चूक इथे सविस्तर सांगायला हवी. संकटातली माणसं सॅटेलाइट फोनवरून आपलं ठिकाण कळवतात, पुष्कळदा २०१४ पासून चाललेल्या ‘अलार्म फोन’ या स्वयंसेवी हेल्पलाइनला. फोनच्या पडद्यावर ३३.५० दिसतं. हे दशांशातले अंश असतील तर अर्थ ३३ अंश ३० मिनिटं. ऐकणाऱ्याने ते ३३ अंश ५० मिनिटं असं लिहून घेतलं, तर उत्तर-दक्षिण २० मिनिटांचा फरक पडतो. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, म्हणजे आपण २० सागरी मैल चुकीच्या जागी पोचलो. त्यामुळे आकडा कोणत्या पद्धतीचा आहे हे विचारायचं, परत वाचून दाखवायचा आणि तो किती वाजताचा आहे तेही लिहायचं. इंजिन बंद पडलेली बोट वारा आणि प्रवाहाबरोबर ताशी २ सागरी मैलांच्या वेगाने वाहिली, तरी ६ तासांत १२ सागरी मैल सरकते. वेळेशिवाय आलेला आकडा जवळजवळ निरुपयोगी ठरतो.

बोट सापडली की मोठं जहाज जवळ न्यायचं नाही. ते लांबच थांबतं, कारण त्याच्या लाटा बोटीत शिरतात आणि ते फार जवळ दिसलं तर लोक पाण्यात उड्या टाकतात. पुढे जातात त्या रिब, म्हणजे कडक तळाच्या आणि फुगवलेल्या कडांच्या वेगवान बोटी. शक्य असेल तर दोन, एक कामाला आणि दुसरी पाण्यात कोणी पडलं तर लगेच पोचायला. पहिली रिब थेट जाऊन भिडत नाही. वेग कमी करून, थोडं अंतर ठेवून ती बोटीभोवती फिरते. किती माणसं आहेत, बोट कुठे खचली आहे, आत पाणी किती आहे, पेट्रोलचा वास येतोय का, पाण्यात कोणी आहे का, मुलं किती, कोणी निपचित पडलंय का, हे सगळं त्या फेरीत बघायचं आणि रेडिओवर जहाजाला कळवायचं.

त्याच वेळी बोलणं सुरू होतं. रिबच्या पुढच्या भागात दुभाषी उभा असतो आणि त्याच्याकडे काही ठरलेली वाक्यं असतात. आम्ही मदतीला आलोय. आम्ही तुम्हाला लिबियाला परत नेणार नाही. सगळ्यांसाठी लाइफ जॅकेट आहेत. सगळ्यांना घेणार आहोत. बसून राहा, कोणी उभं राहू नका. वाक्यं छोटी असायला हवीत आणि आवाज शांत. ओरडून सांगितलेली सूचना धमकीसारखी ऐकू येते. परत नेणार नाही हे तर सुरुवातीलाच सांगावं लागतं, कारण समोरची बोट लिबियन तटरक्षकांची आहे अशा भीतीनेच लोक पाण्यात उड्या टाकतात. अरबी, फ्रेंच आणि इंग्रजी एवढ्यावर भागत नाही. या मार्गावर बांगलादेशी तरुण मोठ्या संख्येने असतात, पाकिस्तानीही असतात. बंगाली किंवा उर्दूत बोललेलं एक वाक्य तिथे मोठं काम करतं. बोटीत ज्याचं बाकीचे ऐकतात असा एक माणूस पाहून त्याच्याशीच बोलत राहावं.

माणसं उचलण्याआधी लाइफ जॅकेट वाटायची. घाई करणारे हाच टप्पा गाळतात आणि जीव जातात. बोट उलटलीच तर जॅकेट घातलेल्या शंभर माणसांना वाचवायला वेळ मिळतो. न घातलेल्या शंभरांना तो मिळत नाही, कारण त्यातल्या बहुतेकांना पोहता येत नाही. जॅकेट फोमची हवीत. गॅसने आपोआप फुगणारी जॅकेट भिजल्यावर कधी फुगतील याचा नेम नाही आणि नवख्या माणसाला ती कळत नाहीत. जॅकेट एकेक करून हातोहात द्यायची, फेकायची नाहीत. फेकलं की चार जण झेलायला उठतात. बाळांसाठी वेगळ्या मापाची हवीत, कारण मोठ्या जॅकेटमधून बाळ खाली घसरतं. सगळ्यांनी बकल लावल्याची खात्री होईपर्यंत एकालाही उचलायचं नाही.

उचलताना रिब बोटीला समांतर लावायची नाही. तशी लावली की एका बाजूचे सगळे एकदम हात पुढे करतात. रिबचं नाक एकाच जागी टेकवायचं आणि तिथूनच एकेक माणूस घ्यायचा, एकदा डाव्या बाजूचा, एकदा उजव्या बाजूचा. रिबच्या आकारमानाप्रमाणे एका खेपेत १५ ते २० जण. आई आणि मूल एकाच खेपेत. मूल घेऊन रिब निघाली तर आई पाण्यात उडी मारेल, हे सांगायला नको. बोटीत साचलेलं पाणीही घातक असतं. ते बोट कलेल त्या बाजूला धावतं आणि तिला आणखी कलवतं. म्हणून अर्धी माणसं उतरली तरी धोका टळला असं समजायचं नाही.

मोठ्या लाकडी बोटींचं गणित आणखी क्रूर आहे. त्यांना दोन, कधी तीन मजले असतात. सगळ्यात वाईट अवस्था तळाच्या खणात, इंजिनाचा धूर आणि कोंदटलेल्या हवेत बसलेल्यांची असते. मन म्हणतं, आधी त्यांना बाहेर काढा. पण तळातलं वजनच बोट सरळ ठेवत असतं. ते वर आलं की गुरुत्वमध्य वर चढतो आणि बोट उलटते. म्हणून वरच्या मजल्यावरची माणसं आधी उतरवायची आणि तळातल्यांना जागेवर थांबवून ठेवायचं. जिन्याच्या तोंडाशी झुंबड उडाली तर काही क्षणांत सगळं हातातून जातं. खण रिकामा झाल्यावरही आत एकदम उतरायचं नाही. तिथली हवा श्वास घेण्याजोगी नसू शकते, आणि वाचवायला उतरलेलाच बेशुद्ध पडतो. १८ एप्रिल २०१५ च्या रात्री अशीच एक बोट ‘किंग जेकब’ या मालवाहू जहाजावर आदळून उलटली. शेकडो लोक त्या खणांत अडकून मेले, २८ जण वाचले.

माणसं पाण्यात पडलीच तर एकेकाला ओढत बसायचं नाही. आधी सगळ्यांना धरायला काहीतरी द्यायचं. त्यासाठी कडेने दोर लावलेले लांब, फुगवलेले नळे असतात, ते गर्दीच्या कडेने सोडायचे. घोळक्यात रिब घालायची नाही, आणि जवळ माणूस असताना इंजिनाचा पंखा फिरता ठेवायचा नाही. आधी तोंड पाण्यात गेलेले, मग जॅकेट नसलेले, मग बाकीचे. वर घेताना माणसाची पाठ रिबकडे करायची, दोघांनी जॅकेटचे खांद्याचे पट्टे धरायचे, त्याला थोडं खाली दाबून पाण्याच्या उसळीबरोबर वर खेचायचं. बराच वेळ गार पाण्यात राहिलेल्याला शक्यतो आडवा उचलावा. उभा उचलला तर पाण्याचा दाब एकदम सुटून रक्तदाब कोसळतो, आणि पाण्यात शुद्धीवर असलेला माणूस डेकवर आल्यावर दगावू शकतो.

जहाजावर आल्यावर ज्या जखमा सुटून जातात त्या पेट्रोलच्या. कॅनमधून सांडलेलं पेट्रोल आणि समुद्राचं पाणी तळाशी मिसळतं. त्यात तासन्‌तास बसलेल्यांची मांड्या, नितंब आणि पोटऱ्यांवरची कातडी सोलून निघते. मध्ये बसल्यामुळे हे बहुतेक बायकांच्या वाट्याला येतं. लाजेने त्या बोलत नाहीत आणि कपड्यांखाली काही दिसत नाही. कपडे अंगावर असेपर्यंत भाजणं चालूच राहतं. त्यावरून चंदेरी ब्लँकेट गुंडाळलं तर वाफही आत कोंडते. म्हणून आधी कपडे उतरवायचे, आडोशाला, बायकांसाठी बायकांनीच. मग भरपूर गोड्या पाण्याने आणि साबणाने धुवायचं, कोरडे कपडे द्यायचे, त्यानंतर ब्लँकेट. उतरवलेले कपडे पिशवीत बंद करून उघड्या डेकवर ठेवायचे. गुंगीत असलेला माणूस नुसता दमलाय असं धरू नये, पेट्रोलची वाफ फुप्फुसात गेलेली असू शकते.

मालवाहू जहाजांवर ही तयारी नसते, तरी कायदा त्यांनाही लागू आहे. सागरी सुरक्षेच्या सोलास कराराच्या पाचव्या प्रकरणातला ३३ वा नियम आणि १९८२ च्या सागरी कायदा कराराचं ९८ वं कलम, दोन्ही सांगतात की संकटातल्या माणसाला मदत करणं हे कप्तानाचं कर्तव्य आहे, तो माणूस कोणत्या देशाचा आहे याला महत्त्व नाही. अडचण उंचीची असते. रिकाम्या जहाजाची बाजू पाण्यापासून अनेक मीटर वर असते, आणि थकलेल्या माणसाला दोरीच्या शिडीने तेवढं चढवत नाही. शिवाय वाऱ्याचा आडोसा द्यायला जहाज वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभं केलं तर ते वाहत वाहत छोट्या बोटीवर येतं. जवळ रिब असलेलं बचाव जहाज येत असेल तर मालवाहू जहाजाने आडोसा देत अंतर राखून थांबणं बरं. बोट बुडू लागली तर मात्र वाट पाहत बसायचं नाही.

कप्तान कचरतात त्यामागे नंतर होणारी परवड असते. २०२० च्या ऑगस्टमध्ये ‘मर्स्क एटिएन’ या तेलवाहू जहाजाने २७ जणांना वाचवलं, आणि त्यांना उतरवून घ्यायला बंदर मिळेना म्हणून ती माणसं महिन्याहून जास्त काळ जहाजावरच राहिली. २००४ च्या करार-दुरुस्त्यांनी वाचवलेल्यांना सुरक्षित ठिकाणी लवकर उतरवण्यासाठी देशांनी सहकार्य करावं असं बंधन घातलंय. इटलीच्या जानेवारी २०२३ च्या वटहुकुमानंतर स्वयंसेवी जहाजांना एका बचावानंतर विनाविलंब नेमून दिलेल्या बंदराकडे जावं लागतं. ते बंदर पुष्कळदा रावेन्ना किंवा आंकोनासारखं दूर उत्तरेला असतं. तेवढे दिवस एक सुसज्ज जहाज समुद्रातून गायब. मला हा नियम चुकीचा वाटतो, आणि त्याची किंमत माणसांच्या जिवाने मोजली जाते.

रिकामी झालेली बोट तशीच सोडायची नाही. तिच्यावर रंगाने बचाव झाल्याची खूण आणि तारीख लिहायची, नाहीतर दुसऱ्या दिवशी एखादं विमान तीच बोट संकटात असल्याचं कळवतं आणि जहाजं रिकाम्या रबराच्या मागे धावतात. आणि सगळे वर आल्या आल्या, पाणी वाटतानाच, निरनिराळ्या भाषांच्या चार-पाच जणांना वेगवेगळं विचारायचं: निघताना किती होतात? वाटेत कोणी पडलं का? कधी, रात्री की पहाटे? थोड्या वेळाने सगळे एकमेकांशी बोलतात आणि आकडे एकसारखे होतात. डेकवरची मोजणी आणि हे आकडे जुळले नाहीत तर ते लगेच रोम किंवा माल्टाच्या सागरी बचाव समन्वय केंद्राला वेळेसह कळवायचं, आणि बोट ज्या वाटेने वाहत आली त्या वाटेवर उलट मागे जाऊन शोध सुरू करायचा.