वरुड ते न्यूयॉर्क समुद्रमार्गे: एकाच जहाजावरच्या चार पंगती

जहाजाचं तिकीट काढताना सगळं लक्ष खोलीवर असतं. किती फूट, बाल्कनी आहे का, पलंग केवढा. पण ‘क्वीन मेरी २’सारख्या जहाजावर खोली ठरली की आणखी एक गोष्ट आपोआप ठरते: रात्री तुम्ही कोणत्या दालनात, किती वाजता आणि कोणासोबत जेवणार. साउथहॅम्प्टन ते न्यूयॉर्क या सात रात्रींच्या प्रवासात मधे एकही बंदर लागत नाही, सगळा दिवस जहाजावरच जातो. अशा ठिकाणी जेवणाचं महत्त्व फार वाढतं, आणि आपल्याकडच्या शाकाहारी, साठी ओलांडलेल्या माणसांसाठी तर त्याहून जास्त. म्हणून विदर्भातून जाऊ पाहणाऱ्यांसाठी जे पाहिलं ते सविस्तर लिहितो आहे.

आमची लेक इंग्लंडमध्ये रेडिंगला, मुलगा न्यू जर्सीत. दोघांकडे एकाच फेरीत जायचं होतं, आणि मधला अटलांटिक विमानाऐवजी पाण्यावरून ओलांडावा ही माझी फार जुनी इच्छा. मृग बहाराची संत्री मार्चमध्ये उतरली, व्यापाऱ्याचा हिशेब झाला. आंबिया बहाराची फळं झाडावर होती, पण त्यांच्या पाण्याची पाळी धाकट्या भावाने अंगावर घेतली. हिंगणघाटचे साडभाऊ आणि ताई, म्हणजे बायकोची थोरली बहीण, हेही निघाले. मे महिन्यात वरुडात पंचेचाळीसचं ऊन सोडून निघालो आणि जहाजाच्या डेकवर स्वेटर घालून उभे राहिलो.

आम्ही दोन जोडप्यांनी दोन वेगळे वर्ग घेतले. ताईंच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली, साडभाऊंना मधुमेह. त्यांनी प्रिन्सेस ग्रिल या वरच्या वर्गातला स्वीट, म्हणजे बसायला जागा असलेली मोठी खोली, घेतला. आम्ही ब्रिटानिया क्लब या मधल्या वर्गातली बाल्कनीची खोली घेतली. नागपूरला एजंटसमोर बसून साडभाऊ म्हणाले, “मी काय तिथं पोहाले जाऊन राह्यलो का? पाय पसरून बसाले जागा पाह्यजे.” म्हणणं बरोबरच होतं. त्यामुळे दोन्हीकडचं बघायला मिळालं.

वर्ग चार आहेत. लग्नात एकाच मांडवात चार पंगती बसाव्यात आणि प्रत्येकीचे वाढपी वेगळे असावेत, तसं आहे हे.

सगळ्यात मोठी पंगत ब्रिटानियाची. आतल्या बिनखिडकीच्या खोलीपासून बहुतेक बाल्कनीच्या खोल्यांपर्यंतचे सगळे प्रवासी इथेच. दालन दुमजली आणि देखणं आहे. हे जहाज ज्या क्यूनार्ड कंपनीचं, तिच्या पहिल्या बोटीचं नाव या दालनाला दिलंय. ती ‘ब्रिटानिया’ १८४० साली लिव्हरपूलहून हॅलिफॅक्समार्गे बॉस्टनला गेली होती, आणि प्रवाशांना ताजं दूध मिळावं म्हणून तिच्यावर एक गाय होती. ताईंना या गाईचं फार कौतुक वाटलं. ब्रिटानियात रात्रीच्या जेवणाच्या दोन वेळा असतात, संध्याकाळी सहा किंवा रात्री साडेआठ. बुकिंगच्या वेळीच एक निवडायची. टेबल ठरलेलं, आणि मोठ्या टेबलावर सहा-आठ अनोळखी माणसांसोबत बसावं लागू शकतं. इंग्रजी गप्पांची सवय असेल तर ही मोठी मजा आहे. नसेल तर दोघांचंच टेबल हवं असं आधी कळवून ठेवा.

दुसरी पंगत क्लबची. ब्रिटानियाला लागूनच वेगळी छोटी जागा, ठरावीक बाल्कनीच्या खोल्यांसाठी राखीव. पदार्थ बहुतेक ब्रिटानियाचेच, वर थोडे जास्तीचे. खरा फरक वेळेचा आहे: टेबल तुमचं, आणि दालन उघडं असेपर्यंत कधीही जा. आम्ही रोज साडेसातच्या सुमारास जायचो. जागा मोजकी असल्याने या खोल्या लवकर संपतात, हे ध्यानात ठेवा.

तिसरी आणि चौथी म्हणजे प्रिन्सेस ग्रिल आणि क्वीन्स ग्रिल. दोन्ही सातव्या डेकवर, जहाजाच्या मागच्या बाजूला. प्रिन्सेसचा स्वीट सुमारे ३८० चौरस फुटांचा, आमची खोली २५०च्या आसपास. क्वीन्सचे स्वीट ५०० फुटांपासून सुरू होतात. त्यातले बाल्मोरल आणि सँड्रिंगहॅम हे दोन तर दुमजली, २,००० फुटांच्याही वर. क्वीन्सवाल्यांना खोलीत बटलर असतो. दोन्ही ग्रिलवाल्यांसाठी बसायची स्वतंत्र खोली आणि वेगळी गच्ची आहे. तिथे बाकीच्यांना प्रवेश नाही. जेवणाचा मेनू वेगळा, टेबल स्वतःचं, वेळेचं बंधन नाही, आणि मेनूत नसलेलं काही हवं असेल तर आधी सांगून करवून घेता येतं.

एजंट ज्याच्यावर घाईने जातो ती गोष्ट आता सांगतो. ग्रिलच्या दालनात ग्रिलचेच प्रवासी जेवतात. म्हणजे ताई-साडभाऊ सातव्या डेकवर आणि आम्ही खाली. हे आम्हाला आधीपासून माहीत होतं आणि आम्ही ते स्वीकारून गेलो होतो. तरी दुसऱ्या दिवशी डेकवर चालताना ताई म्हणाल्या, “जेवाले तुमीच नाही संगं, मंग काय गोडी?” आपल्याकडे रात्रीचं जेवण म्हणजे दिवसभराच्या गोष्टी सांगायची वेळ, ती इथे तुटते. मग सकाळचा नाश्ता आणि दुपारचं जेवण किंग्ज कोर्टच्या बुफेत चौघांनी एकत्र घ्यायचं ठरलं. तिथे कुठलाही वर्ग चालतो. दुपारी साडेतीनचा चहा क्वीन्स रूममध्ये. पांढरे हातमोजे घातलेले वाढपी, छोटी सँडविचेस, स्कोन, आणि बाजूला वाद्यवृंद. हा चहाही सगळ्यांना खुला. संपूर्ण जहाजावर मला सगळ्यात राजेशाही वाटलेला तास हाच, आणि त्याला स्वीट लागत नाही. चौघांनी मिळून, किंवा आईवडिलांना घेऊन जात असाल तर माझं स्पष्ट मत असं: सगळ्यांनी एकच वर्ग घ्या. एक जोडपं वर आणि एक खाली असं करू नका, पैसे कोणीही भरत असो.

शाकाहाराचं काय, हा पहिला प्रश्न प्रत्येक जण विचारतो. उपाशी राहायची वेळ कुठल्याच वर्गात येत नाही. ब्रिटानियाच्या मेनूवरही रोज शाकाहारी पदार्थ असतात. पण मेनूवर जे छापलंय त्यावर सात रात्री काढणं आणि आपल्या जिभेचं मिळणं यात अंतर आहे. ते अंतर सांगण्या-बोलण्याने कमी होतं. बुकिंग करताना ‘भारतीय शाकाहारी’ अशी नोंद करा. कांदा-लसूण नको असेल तर तेही लिहा. मग चढल्या दिवशी दुपारीच दालनाच्या मुख्य व्यवस्थापकाला भेटून पुन्हा सांगा. आमच्या टेबलाचा वाढपी गोव्याचा मुलगा होता, मराठी समजणारा. तो रोज जेवण झालं की दुसऱ्या दिवसाचा मेनू आणून ठेवायचा आणि पेन्सिलीने खुणा करत जायचा: हे सूप नको, यात चिकनचा स्टॉक आहे, हा गोड पदार्थ नको, जिलेटिन आहे. तिसऱ्या रात्रीपासून न मागता एक छोटी वाटी टेबलावर येऊ लागली, तिच्यात बारीक चिरलेली हिरवी मिरची, लिंबाची फोड आणि मीठ. वाटाण्याच्या सूपमध्ये ती मिरची कालवली की वऱ्हाडी माणसाला आणखी काही मागावं लागत नाही.

तुम्हीही हे लक्षात ठेवा: सूपचा स्टॉक, जेलीसारख्या गोड पदार्थांतलं जिलेटिन (ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढतात), वूस्टरशायर सॉसमधले छोटे मासे आणि पार्मेझान चीजमधलं रेनेट (ते वासराच्या जठरातून काढतात). या चार गोष्टी दिसत नाहीत. कडक शाकाहारी असाल तर प्रत्येक वेळी नाव घेऊन विचारा. विचारल्याचा कोणालाही राग येत नाही.

प्रिन्सेस ग्रिलमध्ये ताईंनी पहिल्याच दिवशी वरण-भात मागितला. कसा हवा ते नीट सांगितलं: तुरीची डाळ, हळद, हिंग, वरून तूप, फोडणी नाही. दुसऱ्या रात्री तो आला, सोबत लिंबू. त्यानंतर एक रात्रीआड येत राहिला. क्लबमध्ये भाजी-डाळ मिळाली, पण इतकं आपल्या मनासारखं करवून घेणं ग्रिललाच सोपं, कारण तिथे माणसं कमी आणि स्वयंपाकघराला सवड जास्त. साडभाऊंना औषध आणि जेवणाची वेळ जुळवायची होती, तेही तिथे बिनत्रासाचं झालं. पश्चिमेकडे जाताना पाच रात्री घड्याळ एक-एक तास मागे घेतात, म्हणजे दिवस पंचवीस तासांचा होतो. ऐकायला छान आहे, पण साखर असलेल्या माणसाला दोन जेवणांतलं अंतर वाढतं. अशांनी साडेआठची पंगत घेऊच नये. सहाची घ्यावी किंवा क्लब, नाहीतर ग्रिल. गोळ्या-इन्सुलिनच्या वेळा निघण्याआधी डॉक्टरांना विचारून लिहून घ्या.

भाड्याचं सांगायचं तर ते तारखेगणिक बदलतं. आमच्या तारखेला प्रिन्सेसचं भाडं क्लबच्या दीडपटीच्या वर होतं. तो वरचा पैसा कशात वसूल होतो? ताईंच्या बाबतीत न्हाणीघरात: टब आणि शॉवर दोन्ही, आणि वावरायला जागा. गुडघा दुखतो त्या माणसाला याची किंमत विचारू नका. शिवाय खोलीत बसायला नीट कोच. धडधाकट जोडप्याला मात्र मी प्रिन्सेस सुचवणार नाही. आम्ही खोलीत झोपायला आणि कपडे बदलायलाच जायचो. उरलेला वेळ ग्रंथालय, तारांगण (हो, जहाजावर तारांगण आहे) आणि सातव्या डेकवरची फेरी. एक फेरी साधारण सहाशे मीटरची होते. हे सगळं सगळ्या वर्गांना सारखंच.

बाल्कनीचंही असंच. मे महिन्यातल्या अटलांटिकवर वारा बोचरा असतो, बाल्कनीत बसणं थोडकंच होतं. जहाजाच्या पोलादी अंगातच कापलेल्या बाल्कन्यांना वारा कमी लागतो, पण खुर्चीत बसलं की समोर कठड्याची भिंत येते, समुद्र बघायला उभं राहावं लागतं. आठव्या डेकवरच्या काही बाल्कन्यांसमोर जीवरक्षक बोटी येतात, म्हणून त्या स्वस्त. पोटात ढवळण्याची भीती असेल तर खालच्या डेकवरची, जहाजाच्या मध्यावरची खोली बघा, तिथे डोलणं सगळ्यात कमी. ग्रिलची दालनं मागच्या टोकाकडे असल्याने वारा सुटलेल्या रात्री ताईंना तिथे डोलणं जास्त जाणवलं. खाली आमच्याकडे पेल्यातलं पाणी जेमतेम हलत होतं.

ज्यांना खर्च आटोक्यात ठेवायचा आहे त्यांनी बिनखिडकीची आतली खोली घेऊन ब्रिटानियात दोघांचं टेबल मागावं. यात काही कमीपणा नाही. तोच चहा, तोच डेक, तेच जहाज. मध्यम खर्चात सुख हवं तर क्लब. माझी पसंती क्लबलाच. प्रिन्सेस तब्येतीच्या कारणाने घ्यावा. क्वीन्समध्ये मी गेलो नाही, पण बटलर लागेल असं आमच्यातल्या कोणाचं काम दिसलं नाही.

कपड्यांचा धसका घेऊ नका. संध्याकाळी सहानंतर नीटनेटका पोशाख लागतो. आमच्या फेरीत दोन गाला रात्री, म्हणजे खास नटून जेवायच्या रात्री, होत्या. त्या रात्री पुरुषांना काळा सूट किंवा आपला औपचारिक राष्ट्रीय पोशाख चालतो. मी बंदगळा घातला. बायकोने करवती काठाची टसर नेसली, आणि लिफ्टमध्ये दोन इंग्रज बायकांनी थांबवून तो काठ हातात धरून पाहिला. भंडाऱ्याकडच्या विणकरांचं काम आहे हे तिने त्यांना समजावून सांगितलं. त्या रात्री तयार व्हायचा कंटाळा आला तर किंग्ज कोर्ट आहेच.

शिदोरीबद्दल. इंग्लंडमध्ये आपल्याकडून दुधाचे पदार्थ आणि मांस नेता येत नाही. म्हणजे तूप, पेढे, खव्याची मिठाई घरीच ठेवा. चटण्या, लोणचं, भाजलेले शेंगदाणे न्या. जहाजावर खोलीत पाणी तापवायची किटली असते, स्वतःची नेऊ नका. अमेरिकेत उतरताना कोणतंही ताजं फळ सोबत नको, अगदी जहाजाने खोलीत ठेवलेलं सफरचंदही. संत्र्याच्या गावच्या माणसाला हे जड जातं, पण दंड त्याहून जड आहे. जहाजावर सगळा हिशेब डॉलरमध्ये चालतो, आणि दारू-शीतपेयांवर वेगळं सेवाशुल्क लागतं.

शेवटच्या दिवशी पहाटेच उठा. जहाज व्हेराझानो पुलाखालून जातं तेव्हा धुरांडं आणि पूल यांच्यात अंतर इतकं कमी दिसतं की सगळा डेक श्वास रोखून वर बघत असतो. मग उजाडता उजाडता स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा आणि ब्रुकलिनचा धक्का.

कागदपत्रांचं एवढंच: आपल्याला ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा आणि अमेरिकेचा बी-१/बी-२ (पाहुणे-पर्यटकांचा) व्हिसा, दोन्ही हातात लागतात. अमेरिकेचा व्हिसा नसेल तर साउथहॅम्प्टनलाच चढू देत नाहीत. नागपूरला अमेरिकेचा वाणिज्य दूतावास नाही, मुंबईला जावं लागतं, आणि मुलाखतीची तारीख मिळायला बरेच महिने जाऊ शकतात. आम्ही आधी व्हिसा हातात घेतला, मग खोल्या बुक केल्या. तुम्हीही हाच क्रम ठेवा, आणि क्लब हवा असेल तर व्हिसा आल्या आठवड्यात एजंटकडे जा.