पासिंग आउट परेड झाली म्हणजे ट्रेनिंग संपलं असं नसतं

नेव्हीत गेलेल्या माझ्या धाकट्या भावाची पासिंग आउट परेड झाली, आईबाबांनी त्याच्या खांद्यावर पट्ट्या चढवल्या, 'अंतिम पग' (ॲकॅडमीतलं शेवटचं पाऊल) ओलांडून तो बाहेर आला आणि तेव्हापासून घरी येणारा प्रत्येकजण एकच विचारतो, झालं ना ट्रेनिंग, आता ऑफिसर झाला ना. मीही तेच समजत होते. पण त्यानंतर फोनवर त्याच्याशी जे काही तुकड्या-तुकड्यांत बोलणं झालं त्यातून कळलं की ॲकॅडमी हा अर्धाच रस्ता आहे, आणि उरलेल्या अर्ध्याबद्दल कुणी फारसं सांगतच नाही, म्हणून हे लिहितेय.

तो एनडीएमधून गेला. म्हणजे आधी तीन वर्षं खडकवासला आणि मग एक वर्ष केरळात, कन्नूर जिल्ह्यातल्या एझिमलाच्या इंडियन नेव्हल ॲकॅडमीत. (ही ॲकॅडमी तिथे २००९ पासून आहे, त्याआधी गोव्यात होती आणि त्याच्याही आधी कोचीला.) बारावीनंतर थेट एझिमलाला जाऊन चार वर्षांचं बीटेक करणारी पोरंही असतात. परेड, पीटी, पोहणं, अभ्यास हे सगळं तुम्ही व्हिडिओत बघितलेलंच असेल, त्यावर मी वेळ घालवत नाही.

मला पडलेला प्रश्न वेगळाच होता. आज जहाजांवर एवढी यंत्रं असताना या पोरांना वल्ही मारायला आणि शिडाच्या बोटी चालवायला का शिकवतात? खडकवासल्याच्या धरणातल्या पीकॉक बेवर तो पहिल्यांदा हाताला फोड आणून बसला होता तेव्हा मी चिडून हेच विचारलं होतं. तो म्हणाला, ताई, इंजिनाच्या बोटीत चुकलं तर इंजिनाच्या जोरावर निस्तरता येतं, शिडाच्या बोटीत वारा कुठून येतोय ते मानेला कळायला लागतं. आणि पुढे हजारो टनांचं जहाज धक्क्याला लावताना तोच वारा आणि तेच पाणी जहाजाला ढकलत असतं, सुकाणू फिरवलं की जहाज लगेच वळत नाही, थांब म्हटलं की थांबत नाही, त्यामुळे पुढचं सगळं आधीच डोक्यात चालू असावं लागतं. ती सवय लहान बोटीतच लागते.

सेक्स्टंटचंही तसंच. ताऱ्याचा क्षितिजापासूनचा कोन मोजायचा आणि त्यावरून आपण कुठे आहोत ते गणिताने काढायचं. तारे आणि क्षितिज दोन्ही एकदम दिसतात ते फक्त पहाटे आणि संध्याकाळी, थोडाच वेळ, आणि त्यात डेक हलत असतो. कोनात एका मिनिटाची (म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाची) चूक म्हणजे एक सागरी मैल, १८५२ मीटर. अमेरिकेतल्या ॲनापोलिसच्या नेव्हल ॲकॅडमीने हे शिकवणं नव्वदच्या दशकाच्या शेवटी बंद केलं होतं, २०१५ मध्ये परत सुरू केलं, कारण जीपीएस बंद पाडता येतं, आकाश नाही.

परेडनंतर थोडी सुट्टी आणि मग कोचीची फर्स्ट ट्रेनिंग स्क्वाड्रन, म्हणजे शिकवण्यासाठीच्या जहाजांचा ताफा. आयएनएस तीर (आपल्या माझगाव डॉकमध्ये बांधलेलं, १९८६ चं), शार्दूल, सुजाता, शिवाय तरंगिणी आणि सुदर्शिनी ही शिडाची जहाजं. इथे खरी ओढाताण सुरू होते असं मला वाटतं. खांद्यावर पट्टी आहे पण कामं खलाशाची: डेक घासायचा, दोरखंड ओढायचे, इंजिन रूमच्या उकाड्यात पाइप कुठून कुठे जातो ते शोधत फिरायचं आणि वहीत त्याचं चित्र काढायचं. पहिले काही दिवस समुद्र लागून तो नुसता आडवा होता, तरी वॉच, म्हणजे ड्युटीची पाळी, चुकत नाही. वॉच चार-चार तासांचे असतात, फक्त संध्याकाळी चार ते आठचे दोन तुकडे करतात म्हणजे दिवसाचे सात वॉच होतात आणि रात्री बारा ते चारचा वॉच रोज त्याच पोरांच्या वाट्याला येत नाही. मला ही गोष्ट फार आवडली.

समुद्रातल्या रस्त्याचे नियम, १९७२ चे आंतरराष्ट्रीय, शब्दन् शब्द पाठ असावे लागतात. रात्री समोरच्या जहाजाचा आकार दिसत नाही, फक्त दिवे दिसतात. उजवीकडून आडव्या येणाऱ्या जहाजाचा लाल दिवा दिसला तर वाट मी द्यायची. ते आपल्याला ज्या दिशेला दिसतंय ती दिशा बदलत नाही आणि अंतर मात्र कमी होतंय, म्हणजे टक्कर होणार. हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं पाहिजे. तसंच माणूस पाण्यात पडला तर: तो ज्या बाजूला पडला त्याच बाजूला सुकाणू वळवायचं. मला हे उलटंच वाटलं होतं, पण तसं केल्याने जहाजाचा मागचा भाग आणि पंखे त्याच्यापासून लांब जातात. आणि एका माणसाने बाकी सगळं सोडून फक्त त्याच्याकडे बोट दाखवत उभं राहायचं, नजर हटवायची नाही, कारण लाटांमध्ये डोकं एकदा हरवलं की परत सापडत नाही.

हे झालं की मग युद्धनौका, आणि तिथे पुन्हा परीक्षा. आता तो तिथेच आहे. त्याच्या हाताखाली एक डिव्हिजन, म्हणजे खलाशांचा एक गट, दिलीय, त्यातले बरेच जण त्याच्यापेक्षा वयाने मोठे, कुणाचा मुलगा आजारी, कुणाला घर बांधायला रजा हवी, ते सगळं ऐकून घेणं हेही त्याचंच काम. म्हणाला, ताई, याचा सराव ॲकॅडमीत नाही करता येत, इथे सीनियर सेलर्सच शिकवतात, आपण फक्त ऐकायची तयारी ठेवायची.

गेल्या महिन्यात त्याला वॉचकीपिंग सर्टिफिकेट मिळालं. म्हणजे ब्रिजवर, जिथून जहाज चालवतात तिथे, ऑफिसर ऑफ द वॉच (त्या पाळीचा जबाबदार ऑफिसर) म्हणून तो आता एकटा उभा राहू शकतो. झोपायला जाण्याआधी कॅप्टन नाइट ऑर्डर बुकमध्ये रात्रीच्या सूचना लिहून ठेवतो, वॉचवर येणारा ऑफिसर त्या वाचून सही करतो, आणि शंका आली तर मला उठवा हे त्यात असतंच. पहिल्या एकट्या वॉचला, रात्री बाराला, त्याने त्या वहीत सही केली, तेव्हा खाली सगळं जहाज झोपलेलं होतं. दोनच्या सुमाराला मासेमारीच्या बोटींचे दिवे दिसले, खूप सारे, कुठला कुठे चाललाय कळेना, आणि त्याने कॅप्टनला उठवलं. मी विचारलं, रागावले का रे. तो म्हणाला, नाही, वर आले, पाच मिनिटं माझ्या बाजूला उभे राहून बघितलं, बरोबर चाललंय म्हणाले आणि परत झोपायला गेले.