लार्मर ट्री गार्डन्स: दुसऱ्या खेपेला आत शिरलो

पहिल्या खेपेला गेटवरूनच परत आलो, कारण आत कोणाचं तरी लग्न होतं आणि बाग बंद. चूक माझीच, वेबसाइट न बघता निघालो. तेव्हा पहिला सल्ला हाच, की लग्नं आणि फेस्टिव्हलमुळे बाग अधूनमधून बंद असते, आदल्या दिवशी तारीख बघूनच निघा.

बाग इंग्लंडमध्ये, टॉलार्ड रॉयल गावाजवळ, विल्टशायर-डॉर्सेट या काउंटींच्या सीमेवर. लंडन वॉटर्लूहून सॉल्सबरीपर्यंत ट्रेन आहे, साधारण दीड तास, पण पुढे स्वतःची गाडी असलेली बरी. आम्ही शाफ्ट्सबरीकडून झिग झॅग हिलने आलो. वळणांचं फार कौतुक ऐकलेलं, आई म्हणाली कशेडी घाटापुढे हे काहीच नाही, आणि पुढच्या वळणाला हँडल घट्ट धरून बसली :)

ही बाग जनरल पिट-रिव्हर्सची. ऑक्सफर्डचं पिट रिव्हर्स म्युझियम ज्याच्या संग्रहातून उभं राहिलं तोच. 1880 मध्ये इस्टेट वारसाने मिळाली आणि त्याने ही बाग लोकांसाठीच केली, रविवारी इस्टेटवरच्या कामगारांचा बँड वाजायचा, पिकनिकला आलेल्यांना कपबशा, काटेचमचे फुकट वापरायला मिळायचे. 1899 मध्ये म्हणे 44,000 लोक आले, तेही अशा आडगावात! 1900 मध्ये तो गेला आणि बाग लोकांना बंद झाली ती पार 1990च्या दशकात पुन्हा उघडली.

रोमन देऊळ आणि ओपन एअर थिएटर फोटोपुरतं ठीक आहे, मला तरी त्यात फार रस वाटला नाही. पण बागेतल्या नेपाळी इमारतींचं लाकडी कोरीवकाम बघायला वेळ ठेवा. आई त्या खांबांवरून हात फिरवत तिच्या आजोळच्या वाड्याचं सांगत बसली आणि आमचा अर्धा तास तिथेच गेला. मोर मोकळे फिरतात. आम्ही ठेपले आणि दाण्याची चटणी काढली तर एक महाशय थेट सतरंजीवर! डबा उघडा ठेवू नका.

ज्या झाडावरून नाव पडलं ते जुनं एल्म आता नाही, त्याच्या जागी ओक आहे. किंग जॉन शिकारीला तिथे जमायचा अशी दंतकथा.

परतताना विन ग्रीन टेकडीवर थांबा, 277 मीटर उंच, हवा स्वच्छ असेल तर आयल ऑफ वाइट दिसतं. जाकीट गाडीत ठेवू नका, अंगात घाला, वर वारा जोरात असतो.