साडेसात सेकंद पुरतात का भो?

साडेसात सेकंद म्हणजे तसे बरेच झाले, जळगावात सिग्नल हिरवा झाल्यावर मागचा रिक्षावाला एवढा वेळ हॉर्न न वाजवता थांबूच शकत नाही. तेवढ्यात सील ह्या बीवायडी नावाच्या चिनी कंपनीच्या इलेक्ट्रिक गाडीचं सगळ्यात खालचं मॉडेल, डायनॅमिक, शून्यावरून ताशी शंभर किलोमीटरला जातं असं कंपनीचा आकडा सांगतो. ह्याच आकड्यावरून यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे आमरस वाढता वाढता वाद पेटला, की बुवा नाव स्पोर्ट्स सेडान आणि साडेसात सेकंद? त्याच गाडीचं टॉप मॉडेल 3.8 सेकंदात जातं, दोन मोटर, चारही चाकांना ताकद, 530 पीएस (म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच), मग खालचं घेऊन मिरवायचं काय? वाद घालणाऱ्यांत एकाच्याही दारात इलेक्ट्रिक गाडी नव्हती हे वेगळं सांगायला नको. मावसभाऊ मात्र पुण्याहून तीच खालची गाडी घेऊन आलेला, आणि तो गपगुमान पुरणपोळी हाणत होता.

ऊन उतरल्यावर त्याने चावी माझ्या हातात दिली. गेलो चोपडा रोडला. तापी ओलांडली की दोन्ही बाजूंना केळी आणि मधोमध केळीचे ट्रक, त्यातला एक आमच्या पुढे, फाळक्यातून पाला लोंबतोय, चाळीसच्या वर जायची त्याची इच्छाच नाही. माझ्या डिझेल गाडीत इथे मी तिसरा टाकतो, टर्बो जागा व्हायची वाट बघतो, तो जागा होतो तोवर समोरून एसटी येते, की परत आपण पाल्याचा वास घेत मागे. इथे गियरच नाहीत. रस्ता मोकळा दिसला, पेडल दाबलं, आणि दाबताक्षणीच पाठ सीटला चिकटली, कारण 310 न्यूटन मीटरचा टॉर्क मोटर फिरायला लागल्यापासूनच हजर असतो, इंजिनासारखं आधी आरपीएम चढवा मग ताकद घ्या असली भानगड नाही. ट्रक मागे पडला तरी गाडीत आवाज म्हणून नाही, फक्त मागून मामा, "काय पयस भो हाई!" आणि मग लगेच सीटबेल्ट शोधायची खुडबूड.

म्हणून म्हणतो, शून्य ते शंभरचा आकडा गाडी विकायला बरा आहे, आपल्या रस्त्यावर लागतो तो चाळीस ते ऐंशीचा, आणि तिथे ही गाडी मागितलं की देते. साध्या पेट्रोल हॅचबॅकला शंभर गाठायला बारा-तेरा सेकंद लागतात आणि तेवढ्यावर आपण सगळ्यांनी अर्धं आयुष्य ओव्हरटेक केलेत, त्यांच्यापुढे साडेसात म्हणजे चंगळच आहे.

पण मजेचं काय, कारण पुरेशी असणं वेगळं आणि मन भरणं वेगळं. माझं तर उलटंच मत झालंय, की मन खालच्याच मॉडेलमध्ये जास्त भरतं. ह्यात पेडल तळाला टेकवून धरता येतं, दोन सेकंद, तीन सेकंद, चार, गाडी मागून ढकलतेय ते अंगाला कळतं, वेग चढताना आपण त्यात असतो. 3.8 वाल्यात पाय खाली गेला न गेला तोच उचलावा लागणार, चौपदरी हायवेला कारची मर्यादाच शंभरची आणि त्यात उलट्या दिशेने येणारा ट्रॅक्टर कायम धरलेला. शर्यतीचा बैल घेऊन दळण आणायला जाण्यासारखं आहे ते, बैलाचाही अपमान आणि दळणाचाही. ज्यांना मित्राला शेजारी बसवून एकदा किंचाळायला लावायचंय त्यांनी खुशाल घ्यावं. बीएमडब्ल्यूच्या आय4 ह्या इलेक्ट्रिक गाडीत पण हेच, तिचं खालचं ईड्राइव्ह35 मॉडेल 286 हॉर्सपॉवरचं, सहा सेकंदात शंभर, आणि तिथेही लोक विचारतात की वरचं मॉडेल का नाही घेतलं.

सगळं गोडच आहे असं नाही हां. शंभरच्या पुढे जोर ओसरत जातो, मोटरचा स्वभावच तसा, वेग वाढला की टॉर्क उतरतो, त्यामुळे सुरुवातीच्या धक्क्यावर भाळलेल्या माणसाला पुढे जरा फिकं वाटतं. वजन एकोणीसशे किलोच्या आसपास, बॅटरी फरशीत असल्याने वळणावर गाडी झुकत नाही, पण ब्रेक मारताना ते किलो आठवतात. स्टिअरिंग हलकं, माझ्या मते जरा जास्तच हलकं. आवाजाची हौस असेल तर विषयच संपला. आणि वर काचेचं छत, मे महिन्यात, भुसावळच्या बाजूला! ते डिझाइन करणाऱ्याला एकदा आखाजीला जेवायला बोलवायला पाहिजे, गाडी दुपारी अंगणात उभी करून मग म्हणायचं बसा साहेब आत.

खरी परीक्षा मात्र येताना एका गावात झाली. गावकऱ्यांनी स्वतःच्या हाताने ओतलेला सिमेंटचा स्पीडब्रेकर, त्याला ना उतार ना पट्टे, आणि गाडीचं ग्राउंड क्लिअरन्स 145 मिलिमीटर, वर पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर जवळपास तीन मीटर, म्हणजे पोट टेकणारच. मामा आणि मागचे दोघं खाली उतरले, मावसभाऊ पुढे उकिडवा बसून खाली बघत हात हलवतोय, मी गाडी तिरकी घालून एकेक चाक चढवतोय. पारावरची चार पोरं मोबाईल सोडून आली. एकाने विचारलं, "कितलाले लिधी?" 2024 च्या मार्चमध्ये ही गाडी आपल्याकडे आली तेव्हा खालच्या मॉडेलची किंमत 41 लाख आणि टॉपची 53 होती, तेव्हा मावसभावाने आकडा सांगायचं टाळून "लोन आहे रे बाबा" एवढंच म्हटलं. मामांनी मात्र तिथेच रस्त्यात उभं राहून हिशोब मांडला, की बारा लाख जास्त मोजून पावणेचार सेकंद वाचवायचे, त्यापेक्षा कंपनीला म्हणा लाखभर जास्त घ्या पण गाडी दोन इंच वर उचलून द्या. पोरांना ते पटलं, मलाही.