आठ पाऊण सहा

जाहिरातीत तीन फोटो होते: कर्नाळ्याचा सुळका, उरणचा समुद्र आणि फांदीवर बसलेला एक हळद्या. खाली लिहिलेलं, ‘डोंगर, समुद्र, पक्षी, सगळं अर्ध्या तासावर. पंचवीस जणांची सोय.’ आता मी राहते सीवूड्सला. मागे बेलापूरकडचा डोंगर, पुढे खाडी, आणि हिवाळ्यात भरती चढली की खाडीतले रोहित जवळच्या तलावात येऊन उभे राहतात. थोडक्यात डोंगर, पाणी आणि पक्षी आमच्या मेंटेनन्समध्येच येतात. माझी नजर अडकली ती ‘पंचवीस जणांची सोय’ या शब्दांवर. आमच्या वन बीएचकेमध्ये सहावं माणूस आलं की कुणाला तरी ताट घेऊन गॅलरीत जावं लागतं.

निमित्त होतं अण्णाकाकांच्या सहस्रचंद्रदर्शनाचं. ‘हॉल नको, स्टेज नको, शाल तर नकोच,’ असं त्यांनी आधीच बजावलं होतं. मग ठाणे, डोंबिवली, पनवेल अशी माणसं गोळा करत आकडा तेविसावर गेला आणि जानेवारीतल्या एका शनिवारी आम्ही चिरनेरच्या अलीकडे त्या बंगल्याच्या फाटकाशी थडकलो.

बंगला तसा यथातथाच. स्लॅबवर नुसती शोभेला बसवलेली कौलं, निळ्या टाइल्सची एक टाकी (तिला स्विमिंग पूल म्हणायचं) आणि तेवीस जणांत तीन बाथरूम. पण मधला हॉल! काकू दारातच थबकली. चपला काढून ती या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत गेली, परत आली आणि म्हणाली, ‘दोन ओळी समोरासमोर बसतील. मध्ये वाढणाऱ्याला जागा राहील.’ सोफे भिंतीला लावायला तिने केअरटेकरला विचारलंसुद्धा नाही. ‘माजघरात पानं घ्या गं,’ तिने हाक दिली. कुठलं माजघर, ते मुलांना कळलं नाही. रेवदंड्याचं घर विकलं तेव्हा त्यातली बरीचशी जन्मालाच आली नव्हती.

पण पानांना वेळ होता. मुलांना आधी समुद्र हवा होता. निघताना अण्णांनी विचारलं, ‘आज तिथी काय?’ कुणीतरी अष्टमी म्हणून सांगितलं आणि तो विषय तिथेच संपला. जाहिरातीतला अर्धा तास रस्त्यावर पाऊण तासाचा झाला. पीरवाडीच्या किनाऱ्यावर पोचलो तेव्हा बारा वाजलेले. समोर ओली वाळू, चिखल, खडक आणि बऱ्याच लांब पाण्याची एक चकचकीत रेघ. टॉवेल गळ्यात घालून उभी असलेली पोरं आमच्याकडे बघायला लागली, जणू समुद्र आम्हीच कुठेतरी विसरून आलो होतो.

अण्णा गाडीतून उतरलेच नव्हते. काच खाली करून म्हणाले, ‘आठ पाऊण सहा.’

पाऊणकी! त्यांच्या शाळेत पाऊणकी, सवाईकी, दीडकी असे अपूर्णांकांचे पाढे घोकून घेत. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीचा तास निघतो, हे आमच्या किनाऱ्यावरचं जुनं गणित. भरती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, म्हणून. अष्टमीला आठ पाऊण सहा. सकाळी सहा, संध्याकाळी सहा भरती, आणि दुपारी बारा ही भर ओहोटीची वेळ. माझ्या भाच्याने लगेच मोबाइल काढून ताडून पाहिलं. ‘अण्णा, अर्ध्या तासाचा फरक येतोय.’ अण्णा म्हणाले, ‘होडी थांबते तेवढं.’

रात्री केअरटेकरने पोपटी लावली. मडक्यात तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, ओवा, जाडं मीठ. पाण्याचा थेंब नाही. तोंडाशी पुन्हा पाला कोंबायचा आणि मडकं उपडं करून भोवती जाळ करायचा. झालं की नाही ते बघायला त्याने मडक्यावर पाण्याचा शिपका मारला. चर्र झालं आणि पाणी क्षणात उडालं, तसं तो म्हणाला, ‘काढा.’ शेंगा सोलताना बोटं भाजत होती आणि कुणी कुणाशी फारसं बोलत नव्हतं, हे आमच्या घराण्यात दुर्मीळ. शेवटी हॉलभर गाद्या पडल्या. ‘मला भिंतीकडची’ म्हणून ज्यांचं भांडण झालं, त्या दोघी पन्नाशीच्या पुढच्या होत्या.

पहाटे कर्नाळ्याला सगळेच येणार होते. उठलो पाच जण. अण्णा सर्वांत आधी तयार. 1968 साली हे पक्षी अभयारण्य झालं तेव्हा ते नुकते नोकरीला लागलेले. गड त्याच्याही आधी चढून झालेला. जेमतेम 12 चौरस किलोमीटरचं जंगल, बाजूने मुंबई-गोवा महामार्ग, त्यामुळे ट्रकचे हॉर्न वजा करून पक्षी ऐकावे लागतात. तांबटाची टुक-टुक तेवढी स्पष्ट. मग डोक्यावर शिक्रा ओरडला. आम्ही पाचही जण माना वर करून शोधतोय, तर फांदीवर भृंगराज! शेपटीच्या दोन लांब तारा, टोकाला पिसांचे झुबके, आणि दुसऱ्यांच्या नकला करण्यात पटाईत. ‘थेट आपला दिनू,’ अण्णा म्हणाले. दिनूदादा तेव्हा भिंतीकडच्या गादीवर घोरत होता.

अकराला बंगला सोडायचा होता. केअरटेकर पेले मोजत होता आणि काकू त्याच्या आधीच मोजून बसली होती. सोफे पुन्हा मधोमध आले, हॉल एकदम लहान दिसायला लागला. गाड्यांची दारं लागता लागता पुढच्या वर्षीच्या तारखेवरून वाद सुरू झाला: परीक्षा, सुट्ट्या, कुणाच्या कंपनीचं मार्चअखेर. अण्णांनी पुन्हा काच खाली केली.

‘पौर्णिमा धरा. पंधरा पाऊण सव्वाअकरा. उठायची घाई नको.’